चिकट झालेला रेडिओ टाकू नका, बिघडलाय तो त्याचा रंग

एका ताईंचा प्रश्न आहे. वडिलांचा हातात मावेल एवढा रेडिओ त्यांनी सहा-सात वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात जपून ठेवला होता. परवा काढला तर सगळा चिकट. पुसला की फडकं काळं होतं, बोटांचे ठसे उमटतात, पिशवीचा तुकडा पाठीला चिकटून बसलाय. टाल्कम पावडर लावून पाहिली, दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. रबर वितळलं का, आणि आता रेडिओ टाकूनच द्यायचा का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, रेडिओ टाकू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून आतल्या रेडिओला बहुधा काहीही झालेलं नाही. बिघडलाय तो त्याच्यावरचा रंग. हो, रंगच. हाताला रबरासारखा लागतो म्हणून आपण त्याला रबर म्हणतो, पण तो कडक प्लॅस्टिकवर फवारलेला पॉलीयुरेथेनचा थर असतो. जाडी साधारण ३०-४० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षा कमी.

हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण हा थर मी स्वतः अकरा वर्षं फवारला आहे. बुधवार पेठेत दुरुस्तीचं दुकान टाकण्याआधी मी भोसरी एमआयडीसीतल्या एका पेंट शॉपमध्ये होतो. गाड्यांच्या डॅशबोर्डची बटणं, रिमोट, ट्रिमर, टॉर्च असे प्लॅस्टिकचे भाग यायचे आणि आम्ही त्यांच्यावर 'सॉफ्ट टच' मारायचो. आता वीस वर्षं तोच थर खरवडून काढतोय. त्यामुळे दोन्ही टोकं पाहिलेली आहेत.

हा रंग दोन डब्यांतून येतो. एक बेस, दुसरा हार्डनर. बेसमध्ये लांब, लवचीक साखळ्यांचे रेणू आणि चमक घालवण्यासाठी बारीक सिलिका. हार्डनरमध्ये आयसोसायनेट. दोन्ही मिसळले की आयसोसायनेट त्या साखळ्यांना जागोजागी गाठी मारतं आणि एक जाळं विणलं जातं. मिसळल्यावर काही तासांत तो माल संपवावाच लागतो. मग फवारणी, मग ७०-८० अंशांच्या ओव्हनमधून भाग बाहेर.

आता खरी मेख इथे आहे. गाठी जवळजवळ मारल्या तर थर टणक होतो, गाडीच्या बॉनेटसारखा. हाताला मऊ लागायला हवा असेल तर गाठी लांब लांब ठेवाव्या लागतात आणि मधल्या साखळ्या ढिल्या सोडाव्या लागतात. म्हणजे ज्या ढिलेपणामुळे वस्तू दुकानात हातात घेतल्याबरोबर 'काय छान लागतंय' असं वाटतं, त्याच ढिलेपणातून पुढे हवेतलं पाणी आत शिरतं. मऊपणा आणि कमी आयुष्य ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत. या रंगाबद्दल मला सगळ्यांत महत्त्वाचं सांगायचंय ते हेच. तुम्ही निष्काळजीपणा केला म्हणून हे झालेलं नाही.

पाणी आत शिरून करतं काय? या मऊ साखळ्यांमध्ये बऱ्याचदा पॉलिएस्टर असतं. आम्ल आणि अल्कोहोल यांची सांधणी होऊन एस्टरचा दुवा तयार होतो आणि त्या वेळी पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. ज्या वाटेनं पाणी बाहेर गेलं, त्याच वाटेनं ते वर्षानुवर्षं हळूहळू परत येतं आणि दुवा तोडतं. याला जलविच्छेदन म्हणतात. तुटलेल्या टोकाला पुन्हा आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढच्या दुव्यांची तोडणी आणखी वेगानं करतं. म्हणून पाच-सहा वर्षं काहीच दिसत नाही आणि मग एखाद्या पावसाळ्यात वस्तू एकदम चिकट झाल्यासारखी वाटते. ती एकदम झालेली नसते. जाळ्याचे धागे आतून तुटत आलेले असतात, शेवटचे काही तुटले की जाळं जाळं राहत नाही. उरतात ते सुटे, आखूड रेणू. घट्ट पाकासारखे, ना धड घन ना धड द्रव. बोटाला लागतो तो चिकटा म्हणजे हेच.

हाच प्रकार पुण्यातल्या माणसांना दुसऱ्या एका ठिकाणी चांगला ओळखीचा आहे. माळ्यावर तीन-चार वर्षं ठेवलेले ट्रेकिंगचे बूट काढायचे, पहिल्या पावसात सिंहगडाला जायचं आणि अर्ध्या वाटेवर बुटाचा तळवा भुगा होऊन गळून पडायचा. तोही पॉलीयुरेथेनच, आणि कारणही तेच पाणी. तिथे तो स्पंजसारखा फुगवलेला असतो म्हणून भुगा होतो, इथे पातळ थर असतो म्हणून चिकटा. १९७०-८०च्या दशकांतल्या कित्येक ध्वनिफितींचंही हेच झालं. फितीवर चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिएस्टर-पॉलीयुरेथेनचा होता, तो ओल धरून पाघळला आणि फिती वाजवताना टेपरेकॉर्डरच्या हेडला चिकटायला लागल्या. त्या फिती ५०-५५ अंशांना काही तास 'भाजून' तात्पुरत्या वाजवण्याजोग्या करतात, तेवढ्यात त्यांची प्रत काढून घेतात. हे वाचून कुणी रेडिओ ओव्हनमध्ये ठेवू नये म्हणून मुद्दाम सांगतो: तिथेही इलाज तात्पुरताच असतो.

आणि लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी जुन्या फिल्म थंड आणि कोरड्या तिजोऱ्यांमध्ये का ठेवतात, त्याचं मूळही याच जातीच्या रसायनात आहे. सेल्युलोज अॅसिटेटची फिल्म ओल आणि उष्णता मिळाली की तुटायला लागते, तिच्यातून व्हिनेगरचा वास येतो, आणि सुटलेलं ते आम्ल पुढची तोडणी वाढवतं. डबा बंद असेल तर आम्ल आतच कोंडतं आणि काम आणखी लवकर होतं. ताई, तुमच्या पिशवीचा प्रश्न इथे येतो. ओल आत घेऊन बंद केलेली पिशवी ही राखण नाही. रोज हाताळलेल्या, पुसलेल्या, हवेवर राहिलेल्या वस्तूंपेक्षा गुंडाळून ठेवलेल्या वस्तू माझ्याकडे जास्त चिकट होऊन येतात. माणसं हळहळतात, 'अहो, वापरलासुद्धा नव्हता.' या रंगाचं वय वापरावर चालत नाही. ते डबे मिसळले त्या दिवसापासून चालू होतं.

पुण्याची हवा यात भर घालते. एप्रिल-मे मध्ये पारा ३८-४०च्या घरात, आणि लगेच जून ते सप्टेंबर ओल. रासायनिक क्रियेचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्ड सहज ६०-७० अंशांपर्यंत तापतो. म्हणून गाडीतली बटणं घरातल्या रिमोटच्या आधी चिकटतात.

मग कंपन्यांना हे माहीत नसतं का? असतं. वाहन उद्योगात या थरासाठी एक कडक कसोटी वापरतात: ९० अंश सेल्सिअस, ९० टक्क्यांच्या वर आर्द्रता, ७२ तास. त्यातून बाहेर काढलेला भाग नखानं दाबून, चिकटपट्टी लावून ओढून पाहायचा. या कसोटीला टिकणारे रंगही मिळतात. पॉलिएस्टरऐवजी पॉलीकार्बोनेटच्या साखळ्या घातल्या तर पाण्याला बराच काळ दाद देत नाहीत, फक्त महाग पडतात. पॉलिईथर घातलं तरी पाण्याचा त्रास कमी होतो, पण मग ऊन आणि ऑक्सिजन त्याला खातात. ज्या वस्तूची हमीच एका वर्षाची आहे तिच्यावर महागडा रंग कोण मारणार? शिवाय या थराचं आणखी एक काम असतं, ते गिऱ्हाइकाला सहसा कळत नाही. साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकवर खड्डे, वळ, जोडाच्या रेषा दिसतात. मॅट सॉफ्ट टच मारला की सगळं झाकलं जातं.

पेंट शॉपमधली एक गोष्ट सांगतो, म्हणजे एकाच दुकानातून घेतलेले दोन रिमोट वेगवेगळ्या वेळी का बिघडतात ते कळेल. आयसोसायनेट हवेतल्या ओलीवर तुटून पडतं. भोसरीत जुलैमध्ये हार्डनरचा डबा तासभर उघडा राहिला तरी झाकणाच्या कडेला पांढरी खपली धरायची. ती खपली म्हणजे ओलीनं खाऊन टाकलेला हार्डनर. त्या डब्यातला उरलेला माल कमजोर, म्हणजे त्या दिवशीच्या भागांवर गाठी कमी पडणार. दिसायला सगळं सारखंच. तपासणीत पासही होतं, कारण ओव्हनमधून निघालेला भाग कोरडाच असतो. एका पावसाळ्यात अशाच कमजोर हार्डनरची एक अख्खी लॉट आमच्याकडून गेली. मी तेव्हा शिफ्टला होतो आणि झाकणाची खपली मी पाहिली होती. डबा बाजूला काढा म्हणून आग्रह धरायला हवा होता, तो धरला नाही. याची रुखरुख मला आजही आहे. असा भाग आठ वर्षांऐवजी तीन वर्षांत चिकटतो.

वापरातही काही गोष्टी आयुष्य कमी करतात. हाताचा घाम आणि तेल, डोक्याचं तेल, सनस्क्रीन, आणि विशेषतः डास पळवायच्या क्रीममधलं डीईईटी, जे कित्येक प्लॅस्टिक आणि रंग मऊ करतं. २०२० पासून सॅनिटायझरची भर पडली. चांगल्या स्थितीतल्या थरावर रोज अल्कोहोल चोळलं की तो फुगतो, मऊ पडतो.

आता दुरुस्तीकडे वळू. आधी एक स्पष्ट सांगतो: चिकट झालेला थर पुन्हा बरा होत नाही. पावसाळ्यात गूळ पाघळतो आणि हिवाळ्यात पुन्हा घट्ट होतो, तसं इथे नाही. साखळ्या तुटल्या त्या तुटल्या. पावडर फक्त वरच्या चिकट्यावर बसते, आतून नवा चिकटा वर आला की संपली. हेअर ड्रायर किंवा ऊन दाखवणं म्हणजे त्या क्रियेला आणखी उष्णता देणं. वर दुसरा रंग मारला तर तोही खालच्या चिखलासकट निघून येतो. उपाय एकच, तो थर पूर्ण काढायचा आणि खालच्या मूळ प्लॅस्टिकवर वस्तू वापरायची.

पण आधी हा रंगच आहे याची खात्री करा. दिसणार नाही अशा कोपऱ्यात, म्हणजे सेलच्या झाकणाच्या आतल्या कडेला, नखानं खरवडा. काळी वळकटी निघून खाली टणक, गुळगुळीत प्लॅस्टिक लागलं तर रंग. नख रुततच गेलं तर तो भाग अख्खाच रबरी आहे, जसा काही दुर्बिणींचा जाड पट्टा किंवा स्क्रू ड्रायव्हरची मूठ. त्यातून तेल पाझरत असतं. तो साबणाच्या पाण्यानं धुऊन घ्या, पण काही महिन्यांनी पुन्हा धुवावा लागेल. जुन्या चार्जरची वायर चिकटते ते आणखी वेगळं. पीव्हीसी मऊ ठेवायला घातलेलं तेलकट द्रव्य बाहेर येतं. ती वायर रेडिओभोवती गुंडाळून ठेवू नका. ते द्रव्य प्लॅस्टिकच्या बॉडीत शिरतं आणि वायरच्या आकाराचा खोल वळ कायमचा पडतो. असे रेडिओ माझ्याकडे आले आहेत, आणि तो वळ घासून जात नाही.

नंतर सेलचं झाकण उलटं करून आतल्या बाजूला पाहा. बहुतेक भागांवर बाणांच्या मध्ये प्लॅस्टिकची जात सांगणारी बारीक अक्षरं उठवलेली असतात: एबीएस, पीसी, पीएस, किंवा पीसी अधिक एबीएस. हीच तुमच्या कामाची चिठ्ठी. यांपैकी काहीही असलं तरी थिनर, अॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल लावायचं नाही. थिनर रंग काढतो, पण त्याच्याबरोबर प्लॅस्टिकही विरघळवतो. दहा सेकंदांत पृष्ठभाग पांढुरका, खरबरीत होतो. पीएस असेल तर निलगिरीचं किंवा संत्र्याच्या सालीचं तेलसुद्धा नको.

वापरायचं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, आमच्या भाषेत आयपीए. तापकीर गल्लीत आणि आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पीसीबी, म्हणजे सर्किटच्या पाट्या, साफ करायला म्हणून मिळतं. ९९ टक्क्यांचं घ्या. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचंही चालतं, पण वेळ लागतो आणि त्यातलं पाणी फटींत जातं. खिडक्या उघडा, शेजारी गॅस, निरांजन, उदबत्ती काही पेटतं नको, कारण आयपीएची वाफ पटकन पेट घेते. हातमोजे घाला. जुन्या बनियनचं कापड सगळ्यांत उत्तम, त्याचे चौकोन करून ठेवा, बरेच लागतील.

सुरू करण्याआधी सेल काढा आणि रेडिओचे चारी बाजूंनी फोटो काढा. हे विसरू नका. बटणांवरची अक्षरं आणि बँडची चिन्हं बहुतेकदा याच थरावर छापलेली असतात, थराबरोबर ती जाणार. कुठलं बटण कशाचं हे नंतर आठवत नाही. पडद्याची काच सहसा अॅक्रिलिकची असते आणि अॅक्रिलिकला अल्कोहोल लागलं की आत बारीक तडे जातात. तिच्यावर मास्किंग टेप लावून कडा नखानं दाबून घ्या.

मग कापड ओलं करायचं, रेडिओ नाही. एका वेळी दोन बोटं मावतील एवढाच भाग घ्या. ओलं कापड त्यावर अर्धा मिनिट नुसतं दाबून धरा, चोळू नका. थर फुगतो, त्याची चमक बदलते. मग एकाच दिशेनं पुसा. पहिल्या फटक्याला कापडावर काजळासारखा काळा पट्टा येतो आणि कडेला शेवयांसारख्या वळकट्या जमतात. तिथे लगेच कापडाची बाजू बदला. तेच मळलेलं कापड पुढे फिरवलं की चिकटा फक्त पसरतो आणि माणूस कंटाळून अर्ध्यावर सोडतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत मधूनच राखाडी रंगाचा चट्टा उघडा पडतो. तो मूळ प्लॅस्टिकचा. तिथे बोट फिरवा. सरकन फिरलं तर तो भाग झाला. अडखळलं तर अजून एक फेरी.

खाचांत आणि बटणांच्या भोवती आइसक्रीमची लाकडी काडी तिरकी कापून वापरा, धातूचं काही नको. स्पीकरच्या जाळीजवळ काम करताना रेडिओ पालथा धरा, म्हणजे सुटलेला चिकटा आत न जाता खाली येईल. जाळीसाठी जुना टूथब्रश, तोही झटकून जवळजवळ कोरडा केलेला. आत गेलेला चिकटा स्पीकरच्या कागदाला लागला तर आवाज फाटतो, आणि ते काम मग घरी होण्यासारखं राहत नाही. बटणं निघत नसतील तर ओढू नका.

तुमच्या आकाराच्या रेडिओला दीड-दोन तास धरून चाला. घाई नको. सगळा थर निघाल्यावर भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात पिळलेल्या कापडानं एकदा, मग साध्या ओल्या कापडानं एकदा पुसा. खालचं प्लॅस्टिक थोडं चकचकीत, कदाचित वेगळ्याच रंगाचं निघेल, एखादी साच्याची रेषा दिसेल. त्यावर स्प्रे पेंट मारायचा मोह होतो. माझं मत विचाराल तर मारू नका. मूळ प्लॅस्टिक आणखी वीस वर्षं तसंच राहील. हातातून निसटेल अशी भीती वाटली तर कापडी पाऊच शिवून घ्या.

घरात असा थर असलेल्या आणखी वस्तू असतील आणि त्या अजून चिकटल्या नसतील, तर पिशव्यांतून बाहेर काढा. उघड्या फडताळावर, उन्हापासून दूर ठेवा, महिन्यातून एकदा कोरड्या कापडानं पुसा. हवाबंद डब्यातच ठेवायचं असेल तर सिलिका जेल हवं, आणि तेही पावसाळ्याआधी बदललेलं. वस्तूबरोबर आलेली छोटी पुडी केव्हाच ओलीनं भरलेली असते.

सेलच्या कप्प्यातल्या स्प्रिंगा एकदा पाहून घ्या. पांढरा किंवा हिरवट क्षार धरला असेल तर थोड्या व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं काढा, मग आयपीएनं पुसा. रेडिओ रात्रभर झाकण उघडं ठेवून वाऱ्यावर राहू द्या, फटीत शिरलेलं अल्कोहोल उडून जाईल. सेल सकाळी घाला.